दुसरी सीडी टाका

श्रूजबरीत आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांच्या बेसमेंटमध्ये, फर्नेसजवळच्या फळीवर, एक खोका असतोच. दादरहून, पुण्याहून बॅगेत कोंबून आणलेल्या व्हीसीडी, आणि तळाशी मुंजीच्या, लग्नाच्या कॅसेटी. मॅसॅच्युसेट्सच्या उन्हाळ्यात या बेसमेंटना ओल धरते आणि नव्या टीव्हीला डिस्क घालायला फटच नसते. घरात मीडिया सर्व्हर बसवायला एवढं कारण मला पुरलं. चित्रपट काय, कुठल्या तरी ॲपवर आज असतात, उद्या गायब होतात.

सर्व्हर म्हणजे मुलाचा टाकून दिलेला लॅपटॉप. त्यावर जेलीफिन हे साठवलेल्या फाइली टीव्हीला पुरवणारं सॉफ्टवेअर टाकलं. हे फुकट आहे. एम्बी या तशाच सॉफ्टवेअरवाल्यांनी आपला सोर्स कोड बंद केला तेव्हा, 2018च्या अखेरीस, काही जणांनी वेगळी चूल मांडली, ती ही. प्लेक्स हे याच जातीचं आणखी एक, दिसायला जास्त देखणं, पण एप्रिल 2025पासून घराबाहेरून पाहायला त्यांनी पैसे लावले. पुण्यातल्या बहिणीला मुंज दाखवायची तर जेलीफिन बरं.

व्हीसीडी उतरवणं सोपं. डिस्कमध्ये 'एमपीईजीएव्ही' नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाइल उचलायची. चित्र जेमतेम 352 बाय 288चं, सेकंदाला 25 फ्रेम. टीव्हीला व्हीसीडीचं जुनं एमपीईजी-1 रूप समजलं नाही, तर सर्व्हर चालता चालता त्याचं नव्या रूपात रूपांतर करतो. एवढ्याशा चित्राला जुना लॅपटॉपही पुरतो. एका डिस्कवर 74 मिनिटंच मावत, त्यामुळे ऐन प्रवेशात चित्र थांबायचं आणि कुणीतरी ओरडायचं, "दुसरी सीडी टाका!" आता फाइलींच्या नावांपुढे सीडी1, सीडी2 लिहिलं की जेलीफिन त्या एकापाठोपाठ लावतं. परवा 'वस्त्रहरण' नाटक न थांबता पुढे सरकलं, तर आई म्हणाली, "अरे, मधलं काही गाळलंस का?"

नावांची मात्र कटकट. जेलीफिन पोस्टर नेटवरून आपोआप आणतं आणि मराठी नाव दिसलं की गडबडतं. व्ही. शांताराम यांनी 'पिंजरा' मराठीत 1972 साली केला आणि हिंदीतही केला. त्यामुळे फोल्डरच्या नावात साल घालावंच लागतं. नाटकांना तर बहुतेकदा पोस्टरच नसतं. मी व्हीसीडीच्या वेष्टनांचे फोटो काढून लावले. ते जास्त छान दिसतात.

डीव्हीडीची गोष्ट वेगळी. विकत घेतलेल्या डिस्कचंही कुलूप तोडायला अमेरिकेत 1998च्या कायद्याने मनाई आहे. व्हीसीडीला कुलूपच नव्हतं. आपल्या बेसमेंटमधल्या गरीब बिचाऱ्या माध्यमाचा हा एक फायदा.

कॅसेटींचं काम सर्वांत किचकट. भारतातल्या कॅसेटी पाल पद्धतीच्या, इथले व्हीसीआर एनटीएससीचे. साध्या यंत्रात त्या धड लागतच नाहीत. दोन्ही चालवणारं यंत्र इथे शोधत बसण्यापेक्षा पुढच्या भारतवारीत कॅसेटी हातातल्या बॅगेतून न्या आणि तिथेच फाइली करून घ्या. फाइली एका डिस्कवर ठेवून विसरू नका, दुसरी प्रत दुसऱ्या घरी असू द्या. आणि सुरुवात मुंजीपासून करा. 'वस्त्रहरण' गेलं तर कुणाकडून तरी पुन्हा मिळेल.