बडबडली तर आजारी, गप्प बसली तर गुणाची!

मंडळी, या विकेंडला जरा तापूनच लिहितोय.

आमच्या शहापूर-मुरबाडकडे बाळंतिणीची काळजी घेत नाहीत असं कोणी म्हणू नये. ऐपतीप्रमाणे डिंकाचे लाडू, शेकशेगडी, पाचवीची पूजा, सव्वा महिना... सगळं रीतसर. पण "मन कसं आहे गं तुझं?" हे कोणी विचारत नाही. रडली तर "एवढं गोड बाळ आहे, रडतेस काय?" दूध कमी आलं तर "हिचं लक्षच नाही." फारच झालं तर "बाहेरचं काहीतरी लागलंय" म्हणून भगत. आणि गप्प झाली तर? तर सून गुणाची!

असो. घरच्यांना शिकवायला वेळ लागेल. आज माझं भांडण सरकारी फॉर्मशी आहे.

दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी जायचं असतं. २०११ पासूनची ही योजना, आणि चांगली योजना. बाळाचं वजन, ताप, दूध ओढतंय का, सगळं बघतात. आईसाठीही प्रश्न आहेत. ताप आहे का, अंगावरून घाण वासाचं जातंय का, दूध येतंय का. आणि मनाच्या जवळपास जाणारा एकच प्रश्न: आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का?

हे आम्हा आयटीवाल्यांच्या भाषेत सांगतो. प्रोग्राम क्रॅश झाला की एरर येते, सगळे धावतात. हँग झाला की स्क्रीन जशीच्या तशी दिसते, आत मात्र काहीच चालत नसतं. आपला फॉर्म फक्त क्रॅश पकडतो! असंबद्ध बोलणाऱ्या बाईला तातडीने डॉक्टरकडे न्यायलाच हवं, वादच नाही. पण अशा बाया थोड्या. आतल्या आत हँग झालेल्या कितीतरी जास्त.

किती? विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या आयांचा अभ्यास २००२ साली छापला. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याशी न पटणं आणि मुलगी होणं, यांनी धोका वाढतो असं त्यात दिसलं. आता मला सांगा, यातलं काय आपल्या तालुक्यात नाही?

बाळंतपणानंतर पहिल्या दिवसांत येणारं रडू बहुतेकींचं दोनेक आठवड्यांत ओसरतं. नाही ओसरलं तर तो आजार समजून तपासायला हवा. म्हणजे १४ व्या दिवसापासूनच्या भेटी अगदी वेळेवर आहेत. तिथे फक्त दोन प्रश्न घाला. "मन सारखं उदास असतं का गं?" आणि "कशातच जीव रमत नाही असं होतं का?" विचारायचे तिला एकटीला, सासूसमोर नाही. 'हो' आलं तर तिसरा, "जीव नकोसा वाटतो का?" यालाही 'हो' आलं तर तिला एकटं सोडायचं नाही आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

लगेच कोणीतरी म्हणेल, आशाताई काय मानसोपचारतज्ज्ञ आहे? नाही. पण पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या खेड्यांत आशांसारख्याच आरोग्यसेविकांना शिकवून घरोघरी पाठवलं. २००८ साली निष्कर्ष छापले. नैराश्य असलेल्या गरोदर बायांना या भेटी मिळाल्या, आणि बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्यांच्यातल्या २३ टक्क्यांनाच नैराश्य उरलं होतं. नुसत्या साध्या भेटी मिळालेल्यांत ५३ टक्के!

दुसरा आक्षेप खरा आहे, आशांवर आधीच कामाचा डोंगर आहे. या सगळ्या घरभेटींचे मिळून त्यांना २५० रुपये ठरले होते. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये राज्यभरच्या आशा संपावर गेल्या त्या काय हौस म्हणून? तेव्हा नवे प्रश्न द्या, पण त्याबरोबर प्रशिक्षण आणि पैसेही द्या. फुकटात नको.

तिसरा आक्षेप, "हेल्पलाइन आहे की." आहे. टेलिमानस, १४४१६, ऑक्टोबर २०२२ पासून, फुकट. जरूर वापरा. पण घरातला फोन नवऱ्याच्या खिशात आणि पाड्यावर रेंज नाही, तिथे ती बाई कधी फोन करणार? आणि पुढचे उपचार? ठाण्याचं मनोरुग्णालय गाठायला शहापूरकरांना आसनगावहून लोकल तरी आहे, मुरबाडला रेल्वेच नाही. तान्हं घेऊन एसटीने कल्याण, मग पुढे. दिवाळीनंतर वीटभट्टीवर गेलेल्या कातकरी बाईचं तर विचारूच नका. म्हणून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणि मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात लसीकरणासारखाच बाळंतिणींच्या समुपदेशनाचाही वार ठरलेला हवा, आणि तो सगळ्यांना माहीत हवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क केलाय. मेहेरबानी नाही मागत कोणी.

फॉर्म बदलेल तेव्हा बदलेल. तुमच्या घरात बाळंतीण असेल तर हे दोन प्रश्न आजच विचारा, आणि विचारून झाल्यावर उत्तर येईपर्यंत गप्प बसा. "सगळ्यांनाच होतं असं" हे वाक्य तेवढं गिळून टाका.