न कापलेल्या लोकरीचे कर्ज

ज्याने सर्वस्वाचा त्याग केला, तो कर्जबाजारी होऊ शकतो काय? प्रश्न विचित्र वाटेल. परंतु इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यातील फाउंटन्स मठाचा इतिहास वाचताना तो मनात आल्यावाचून राहत नाही.

इ. स. 1132 मध्ये यॉर्क शहरातील एका संपन्न मठाच्या सुखासीन जीवनाला विटून तेरा ख्रिस्ती साधू बाहेर पडले. आर्चबिशप थर्स्टन यांनी त्यांना रिपन गावाजवळ, स्केल नदीच्या काठी, ओसाड जमीन दिली. पहिला हिवाळा अत्यंत हलाखीत गेला. पुढे ते सिस्टर्शियन संघात सामील झाले. 1098 मध्ये फ्रान्समधील सीतो येथे स्थापन झालेल्या या संघाचे नियम कडक होते : न रंगवलेल्या लोकरीचे वस्त्र, मांसवर्ज्य आहार, अंगमेहनत आणि स्वतःच्या मालकीचे काहीही नाही.

याच शिस्तीतून समृद्धी आली. दानात मिळालेल्या माळरानांवर मेंढ्यांचे प्रचंड कळप वाढले. व्रतस्थ श्रमिक बंधू ते सांभाळीत. मठाच्या पश्चिमेकडील सुमारे 300 फूट लांबीचे कमानदार दालन त्या वैभवाची साक्ष आजही देते.

ही लोकर इटलीचे व्यापारी घेत आणि त्यासाठी आगाऊ रक्कमही देत. 1276 मध्ये फाउंटन्सने फ्लोरेन्सच्या व्यापाऱ्यांशी पुढील चार वर्षांत 62 पोती लोकर देण्याचा करार केला. वस्तुतः एका वर्षाहून अधिक काळाची लोकर आधी विकू नये, असे बंधन संघाच्या महासभेने बाराव्या शतकातच घातले होते. त्याच सुमारास इंग्लंडभर मेंढ्यांना खरजेची साथ लागली. माल घटला; वचने मात्र तेवढीच राहिली. 1291 पर्यंत मठाचे कर्ज 6,000 पौंडांहून अधिक झाले होते.

वायद्याचा व्यवहार मुळात दोषास्पद नाही. आपला व्यापार त्यावरच चालतो. परंतु बँकेत कर्जप्रकरणे तपासताना एक गोष्ट मी वारंवार पाहिली : अद्याप हाती न आलेले उत्पन्न मनुष्य प्रथम मनात जमा करतो आणि मग खर्ची घालतो. येथे तर प्रत्येक साधू निष्कांचन होता. म्हणूनच संस्थेच्या नावाने वाढणारा संग्रह कोणालाच आपला वाटला नसावा. मर्यादा व्यक्तीला होती, मठाला नव्हती.

मठ त्या कर्जातून सावरला आणि पुढे जवळजवळ अडीचशे वर्षे टिकला. 1539 मध्ये राजा आठव्या हेन्रीच्या धोरणानुसार तो बंद झाला. पुढच्याच वर्षी त्याची मालमत्ता लंडनचे व्यापारी सर रिचर्ड ग्रेशम यांनी विकत घेतली. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेला ‘ग्रेशमचा नियम’ त्यांच्याच पुत्राच्या, थॉमस ग्रेशम यांच्या, नावाने ओळखला जातो.

परिग्रह-परिमाण व्रत आपण घरापुरते घेतो. आपले अनेक वाचक मंदिरांचे, पाठशाळांचे विश्वस्त आहेत. बोलीत जाहीर झालेली, परंतु अद्याप जमा न झालेली रक्कम गृहीत धरून नव्या बांधकामाचा ठराव मांडला जातो, तेव्हा हेतू निर्मळच असतो. तेरा साधूंचाही हेतू निर्मळच होता. म्हणून ठरावावर स्वाक्षरी करण्यापूर्वी एवढेच विचारावे : ही लोकर कापलेली आहे, की अजून मेंढीच्या अंगावरच आहे?