रेशनचा गहू तपासून मिळणे हा हक्क आहे

२०२४ च्या डिसेंबरअखेर बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतल्या लोकांचे केस पुंजक्यांनी गळू लागले. चार दिवसांत टक्कल. आधी संशय बुरशीवर गेला, मग खारपाणपट्ट्यातल्या पाण्यावर. एप्रिलमध्ये काहींची नखेही गळाली.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी नमुने तपासून घेतले. रुग्णांच्या शरीरात सेलेनियम वाढलेले आणि जस्त घटलेले आढळले. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम असल्याचे त्यांनी सांगितले आणि हा गहू पंजाब-हरियाणाकडचा असल्याचेही.

सेलेनियम शरीराला लागते, पण किती? प्रौढाला दिवसाला सुमारे ५५ मायक्रोग्रॅम पुरे. ४०० च्या वर रोज गेले तर धोका. वरच्या आकड्याप्रमाणे २०० ग्रॅम गव्हातून सुमारे २९०० मायक्रोग्रॅम पोटात जाते. धान्यात किती उतरायचे ते माती ठरवते. चीनमध्ये केशान भागात ते कमी पडून हृदयविकार झाला, तर एन्शी भागात जास्त होऊन केस-नखे गळाली. पंजाबात होशियारपूर-नवांशहर पट्ट्यात अशी सेलेनियमयुक्त जमीन आहे. ते दाण्याच्या आतच असते, म्हणून गहू धुतल्याने जात नाही.

ज्याला वावर आहे तो घरची ज्वारी खाऊ शकतो. भूमिहीन मजुराच्या ताटात मात्र रेशनचाच गहू येतो. आपली बहुसंख्य माणसे याच रांगेत उभी आहेत. त्यांना धान्य निवडता येत नाही, म्हणून ते तपासून देणे ही सरकारची जबाबदारी आहे. खरेदीच्या वेळी ओलावा, कचरा, तुटके दाणे पाहतात. तसे सेलेनियमही पाहिले पाहिजे. सेलेनियमयुक्त पट्ट्यातल्या गव्हाचा प्रत्येक साठा गोदामातच तपासावा, निकाल रेशन दुकानाच्या फलकावर लावावा आणि दोष आढळल्यास बदली धान्य द्यावे, अशी आमची मागणी आहे. अन्नसुरक्षा कायदा २०१३ मध्ये दक्षता समितीची तरतूद आहे. आपल्या गावात ती आहे का, तिची बैठक होते का, हे ग्रामसभेत विचारा.

भीतीने रेशन सोडू नका. एकाच वेळी अनेकांचे केस किंवा नखे गळू लागली, तर प्राथमिक आरोग्य केंद्राला कळवा आणि घरातला पसाभर गहू तपासणीसाठी राखून ठेवा. केस वाढवण्याच्या गोळ्या मनाने घेऊ नका. त्यांत सेलेनियम असू शकते. हा त्रास स्पर्शाने पसरत नाही. अशा कुणाला वेगळे बसवू नका. विटाळ म्हणजे काय, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क मिळवायला शिकवले. निर्धोक धान्याचा हक्कही मागूनच घ्यावा लागेल.

जयभीम!