भंगार काढायचं, पण कुणाच्या शब्दावर?

भोपाळमध्ये घर रिकामं करण्याची वेळ अनेकांवर एकदमच येते. ‘भेल’ कारखान्याच्या वसाहतीतला कर्मचारी निवृत्त झाला की क्वार्टर सोडतो. स्मार्ट सिटीसाठी टी. टी. नगरातली जुनी सरकारी घरं पाडली गेली, तेव्हा तर गल्ल्याच्या गल्ल्या हलल्या. माळ्यावरच्या ट्रंका, बंद पडलेला कूलर, रद्दीचे गठ्ठे, तीन पायांवर उभं असलेलं टेबल असा पंचवीस-तीस वर्षांचा संसार उपसायचा, तर धडधाकट माणूसही थकतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या, दृष्टिहीन किंवा कर्णबधिर माणसाला मात्र बहुतेकदा या कामात हातच घालू देत नाहीत. भाचा येतो, शेजारी येतात, ‘तुम्ही निवांत बसा’ म्हणतात आणि टेम्पो भरून टाकतात. त्यात काय गेलं, हे घरच्या माणसाला चार दिवसांनी कळतं.

हे बदलायची सोय भोपाळमध्येच आहे. फोनवरून वेळ ठरवून भंगार न्यायला माणूस बोलवायचा, ही पद्धत 2014च्या सुमारास याच शहरात ‘द कबाडीवाला’ने रुजवली. अनुराग असाटी आणि कविंद्र रघुवंशी या दोघांनी सुरू केलेला हा उद्योग. पुढे अशा सेवा अनेक शहरांत निघाल्या. गाडी दारात येते म्हणून ही सेवा दिव्यांगांच्याही सोयीची, असं सहज वाटतं. पण गाडी दारात येणं एवढंच पुरेसं नसतं.

मागणी नोंदवण्यापासूनच बघा. दृष्टिहीन माणूस पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आधाराने फोन वापरतो. ॲपमधल्या बटनाला नाव दिलेलं नसेल, तर त्याला नुसतं ‘बटन, बटन’ ऐकू येतं. दरपत्रक छायाचित्राच्या रूपात टाकलं असेल, तर लोखंडाचा भाव काय आणि रद्दीचा काय, हे त्याला कळतच नाही. कर्णबधिर ग्राहकाचं वेगळं. गाडीवाला खालून फोन करतो, फोन उचलला जात नाही, आणि ‘ग्राहक भेटला नाही’ असा शेरा पडतो. एक लेखी संदेश पाठवला असता, तर हे टळलं असतं.

मग वजन. काट्याचा आकडा ज्याला दिसत नाही, त्याने विश्वास कुणावर ठेवायचा? वजनमापाच्या कायद्याप्रमाणे काटा तपासून शिक्का मारलेला असावा लागतो, पण तो शिक्काही डोळ्यांनीच बघायचा. आकडा मोठ्याने बोलणारा काटा बाजारात मिळतो. तो गाडीत ठेवावा, आणि प्रत्येक वस्तूचं वजन व भाव संदेशातूनही पाठवावा. पैसे रोख असतील तर नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं ‘मनी’ ॲप जानेवारी 2020पासून आहे. ते उघडायला ग्राहकाला दोन मिनिटं हवीत आणि गाडीवाल्याने तेवढं थांबायला हवं.

सर्वांत नाजूक भाग निवडीचा. दृष्टिहीन माणसाच्या घरात प्रत्येक वस्तूची जागा ठरलेली असते. कपाट हातभर सरकवलं तरी वाट चुकते. व्हीलचेअर जायला सुमारे 90 सेंटिमीटर वाट मोकळी लागते, आणि आवराआवरीत नेमकी तीच गठ्ठ्यांनी अडते. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या माणसाच्या हाती जुनी डबी असेल, तर ती कचरा आहे की नाही, हे त्याच्याकडूनच कळायला हवं. त्याला थोडा जास्त वेळ लागेल, म्हणून त्याचा शब्द डावलायचा नाही. भोपाळात आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. 1984च्या वायुदुर्घटनेत फुफ्फुसं आणि डोळे अधू झालेली हजारो माणसं याच शहरात म्हातारी झाली. माळा झाडला की उडणारी धूळ त्यांचा दिवस बिघडवते. तेव्हा मास्क, पाण्याचा शिडकावा आणि खोल्या एकेक करून उपसणं हा कामाचाच भाग हवा.

कायदा याबाबत गप्प नाही. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून 21 झाले. त्याच्या 46व्या कलमानुसार सेवा सरकारी असो वा खासगी, ती सुगम्यतेच्या नियमांप्रमाणेच द्यायला हवी. हे नियम मात्र सूचनांसारखे लिहिले गेले होते. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 8 नोव्हेंबर 2024 रोजी त्यावरच बोट ठेवलं आणि तीन महिन्यांत बंधनकारक नियम करायला सांगितलं. एप्रिल 2025मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. सरकारी कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधून यातलं फार थोडं साधतं. घराच्या आत येणाऱ्या सेवांकडे अजून कुणाचं पुरेसं लक्ष नाही, आणि माणसाचं खासगी जगणं तर तिथंच असतं.

घरापर्यंत जाणाऱ्या सेवांचे नमुने मात्र आपल्याकडे आहेत. कचरावेचकांनी स्वतः चालवलेली पुण्याची ‘स्वच्छ’ सहकारी संस्था ‘व्ही-कलेक्ट’मार्फत जुने कपडे, फर्निचर, बिघडलेली उपकरणं गोळा करते. मुंबईत ‘मिरॅकल कुरिअर्स’ 2009पासून कर्णबधिर कर्मचाऱ्यांकडून दारोदार टपाल पोचवत आली आहे. म्हणजे दारावर जाण्याच्या कामात न ऐकणं आड येत नाही. मग भंगाराच्या गाडीवर खुणांची भाषा जाणणारा माणूस का नसावा?

आक्षेप खर्चाचा येईल, आणि तो खोटा नाही. भंगार नेणाऱ्याची कमाई किलोवर ठरते. एका घरात दोन तास गेले तर त्याचे पुढचे तीन ग्राहक बुडतात. म्हणून जास्तीच्या वेळेची मजुरी वेगळी द्यायलाच हवी. ती दिव्यांग ग्राहकाच्या बिलात घालणं अन्यायाचं आहे. कंपनीने आणि महापालिकेने ती वाटून घ्यावी. 2024-25च्या स्वच्छ सर्वेक्षणात दहा लाखांवर लोकवस्तीच्या शहरांत दुसरी आलेली भोपाळ महापालिका मोठं सामान उचलण्याच्या कंत्राटात एवढी अट नक्कीच घालू शकते.

त्याच कंत्राटात आणखी एक कलम हवं. जुन्या व्हीलचेअर, कुबड्या आणि तीनचाकी सायकली आज लोखंडाच्या भावाने जातात. त्या वेगळ्या काढून, दुरुस्त होण्याजोग्या जिल्हा दिव्यांग पुनर्वसन केंद्राकडे सोपवाव्यात. ॲप आणि गाडी दोन्ही सुरू करण्याआधी दिव्यांग रहिवाशांकडून तपासून घ्यावीत, आणि त्या तपासणीचं मानधन त्यांना मिळावं.