गृहस्थाचा विवेक : ड्रायव्हरचा शाफ्ट कोणता घ्यावा?

व्यवसायाची सूत्रे मुलांच्या हाती सोपवल्यानंतर गोल्फकडे वळणारे अनेक गृहस्थ समाजात आढळतात. पुण्यात येरवड्याचे पूना क्लबचे मैदान असो वा मुंबईत चेंबूरचे प्रेसिडेन्सी क्लबचे, सकाळच्या मोकळ्या हवेत काही किलोमीटर चालणे घडते, चित्त एकाग्र होते आणि वयाचा अडसर फारसा येत नाही. मात्र या खेळात साधनांचा मोह मोठा असतो. त्यातही सर्वाधिक पैसा विचाराविना खर्च होतो तो ड्रायव्हरच्या शाफ्टवर.

शाफ्ट म्हणजे क्लबची मूठ आणि डोके यांना जोडणारा दांडा. एकेकाळी तो हिकरी लाकडाचा असे. ब्रिटनमध्ये १९२९ साली पोलादी दांड्याला मान्यता मिळाली आणि १९७० च्या सुमारास ग्राफाइट अवतरले. आज जवळजवळ सर्व ड्रायव्हरना ग्राफाइटचाच शाफ्ट असतो. त्यावरील अक्षर लवचिकता दर्शवते. ‘एल’ सर्वांत लवचिक असून त्यानंतर ‘ए’, ‘आर’, ‘एस’ आणि ‘एक्स’ असा ताठरपणा वाढत जातो.

निवडीचा पहिला आधार म्हणजे स्विंगची गती. ढोबळ मानाने ताशी ७५ मैलांपेक्षा कमी गतीला ‘एल’, ७५ ते ८५ ला ‘ए’, ८५ ते ९५ ला ‘आर’, ९५ ते १०५ ला ‘एस’ आणि त्यापुढे ‘एक्स’ अनुरूप ठरतो. परंतु या अक्षरांना सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचा ‘आर’ दुसऱ्या कंपनीच्या ‘एस’ इतका ताठ असू शकतो. तसेच ‘एल’ हे अक्षर स्त्रियांसाठी म्हणून ओळखले जात असले, तरी वेगवान स्विंगच्या तरुणीला ‘आर’ योग्य ठरेल आणि सत्तरीच्या आजोबांना ‘एल’ही मानवेल. निर्णय गतीने व्हावा, वयाने वा लिंगाने नव्हे.

दुसरा आधार वजनाचा. सावकाश स्विंग करणाऱ्यास पन्नास ग्रॅमच्या आसपासचा वा त्याहून हलका शाफ्ट सोयीचा जातो. झपाट्याने क्लब खाली आणणाऱ्यास साठ ग्रॅमपुढचा शाफ्ट लय राखण्यास साहाय्य करतो. लांबीचाही विचार हवा. बाजारातील बहुतेक ड्रायव्हर साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतात. अर्धा-एक इंच आखूड दांड्याने चेंडू क्लबच्या मध्यभागी लागण्याची शक्यता वाढते आणि त्यातून हुकलेले अंतर बहुधा भरून निघते.

उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू वारंवार खाली राहून उजवीकडे जात असेल, तर शाफ्ट गरजेपेक्षा ताठ असण्याचा संभव असतो. फार उंच जाऊन डावीकडे वळत असेल, तर तो अधिक लवचिक असू शकतो. अर्थात दोष पुष्कळदा स्विंगचाच असतो. म्हणून आधी प्रशिक्षकाकडे काही धडे घ्यावेत आणि मगच दुकानाची पायरी चढावी.

येथेच खरी कसोटी लागते. क्रोध, मान, माया आणि लोभ या चार कषायांपैकी मान हा गोल्फच्या मैदानावर फार सूक्ष्म रूपाने वावरतो. सोबतचा खेळाडू ‘एस’ वापरतो, मग आपण ‘ए’ कसा घ्यावा, हा विचार मनात येतो. परिणामी साठीतील गृहस्थ तिशीतील तरुणाचा दांडा विकत घेतात, अंतर मिळावे म्हणून शरीरावर ताण देतात आणि कंबरदुखी ओढवून घेतात. यंत्राने दाखवलेला गतीचा आकडा शांतपणे स्वीकारणे हा एक छोटासा संयमच होय.

खर्चाचे गणितही विवेकाने मांडावे. स्वतंत्रपणे घेतलेला उंची शाफ्ट कधी कधी एखाद्या संपूर्ण वापरलेल्या ड्रायव्हरपेक्षा महाग पडतो. नव्या ड्रायव्हरसोबत मूळ किमतीतच बहुधा दोन-तीन प्रकारचे शाफ्ट निवडता येतात. प्रथम लाँच मॉनिटरवर त्यांचीच चाचणी घ्यावी. सर्वांत लांब गेलेला एक फटका पाहू नये, तर दहा फटक्यांचे सातत्य पाहावे. वापरलेला शाफ्ट घेताना त्याच्या टोकाचा जोड आपल्या ड्रायव्हरला बसतो की नाही, हे तपासावे, कारण प्रत्येक कंपनीचा जोड बहुधा निराळा असतो. याच खरेदीत हातमोजाही चामड्याऐवजी कृत्रिम धाग्याचा मागावा. तो सहज मिळतो आणि अहिंसेचे पालनही होते.

गोल्फच्या नियमांनी स्वतःच परिग्रहाला मर्यादा घातली आहे. अमेरिकेत १९३८ पासून आणि ब्रिटनमध्ये १९३९ पासून खेळाडूस पिशवीत चौदापेक्षा अधिक क्लब नेता येत नाहीत. परिग्रह-परिमाण व्रताचा संस्कार लाभलेल्या गृहस्थास हा नियम परका वाटू नये. मैदानावरील ही मर्यादा घरातील कपाटालाही लावावी. आपल्या गतीला साजेसा एक शाफ्ट निश्चित झाला की तो काही वर्षे तरी बदलू नये आणि जुना क्लब अडगळीत न टाकता नव्याने खेळ शिकणाऱ्या एखाद्या मुलाच्या हाती द्यावा.