जुनी जीप, नवा वाचक



लावण्या उरकल्या, खाचरांत पाणी तुंबले, की आपल्याकडे दुपारच्या गप्पांना जोर येतो. अशाच एका दुपारी रोहे तालुक्यातल्या एका गावी भातावरचा करपा पाहून मी बांधावरून परतत होतो. पाऊस वाढला म्हणून ओळखीच्या घरी टेकलो. अंगणाच्या कडेला पेंढ्याच्या छपराखाली एक जुनी जीप उभी होती. चाके मातीत रुतलेली, टपाच्या चिंध्या झालेल्या, आणि चालकाच्या जागेवर कोंबडी अंड्यांवर बसलेली.

घरात त्या जीपवरूनच वाद चालला होता. सकाळीच भंगारवाला वजनाचा भाव सांगून गेला होता. घरधनी म्हणत होते, "देऊन टाकू, निदान जागा तरी मोकळी होईल." त्यांचा मुलगा धाटावच्या कारखान्यात कामाला. तो म्हणत होता, "मडगार्ड कापून टाकू, रुंद टायर चढवू, लाल रंग मारू." आणि आजी कोपऱ्यातून म्हणत होती, "ह्यांनी घेतलेली वस्तू आहे. कुणी हात लावू नका."

त्या मुलाच्या हातात मुंबईच्या पदपथावरून आणलेले एक जुने अमेरिकन मासिक होते. नाव 'हॉट रॉड'. त्याने ते माझ्यापुढे धरले आणि विचारले, "साहेब, हे मासिक १९४८ साली निघालं. सगळं गाड्यांवर. इतकी वर्षं हे लोक दर महिन्याला नवीन काय छापत असतील? आपल्या साप्ताहिकात तर दर मृगाला तेच बियाणं आणि तेच खत."

टोला कुणाला होता हे सांगायला नको. चहा गोड होता, पण मला कडू लागला. घरी येऊन मी त्या मासिकांची हकीकत मिळवून वाचली. आज तीच तुमच्यापुढे मांडतो. ती गाड्यांची आहे, पण तिच्यात आपल्या कामाचे पुष्कळ आहे.

हॉट रॉड म्हणजे काय, ते आधी पाहू. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात मॉडेल टी नावाच्या सुमारे दीड कोटी गाड्या काढल्या. नवी गाडी घ्यायला पैसे नसलेल्या पोरांना या जुन्या गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. १९३२ साली फोर्डने आठ सिलिंडरचे इंजिन साध्या माणसाच्या गाडीत आणले. मग पोरांनी जुन्या गाडीची मडगार्डे काढली, वजन उतरवले, पोटात जोरदार इंजिन बसवले, आणि कॅलिफोर्नियातल्या कोरड्या तलावांच्या सपाट तळावर शर्यती लावल्या. महायुद्ध संपल्यावर यंत्रांचे काम शिकलेले जवान घरी परतले आणि हा नाद आणखी वाढला. १९४८ च्या जानेवारीत लॉस एंजेलिस शहरात रॉबर्ट पीटरसन आणि रॉबर्ट लिंडसे या दोघांनी 'हॉट रॉड' मासिक सुरू केले. पीटरसन तेव्हा अवघा एकवीस वर्षांचा होता.

त्या काळी ही पोरे भर रस्त्यावर शर्यती लावत, त्यामुळे लोक त्यांना मवाली समजत. मासिकाचे संपादक वॉली पार्क्स यांनी नुसती गाड्यांची चित्रे छापली नाहीत. १९५१ साली त्यांनी शर्यतींना नियम घालून देणारी संस्था काढली. १९५४ साली त्या संस्थेची एक तुकडी सामानाने भरलेली गाडी घेऊन गावोगाव फिरली आणि शर्यत रस्त्यावर न लावता मोकळ्या धावपट्टीवर सुरक्षितपणे कशी लावायची, याची प्रात्यक्षिके देऊ लागली. हे वाचून मला आमच्या खात्याची जीप आठवली. मागे फवारणीपंप आणि भित्तिपत्रके लादून आम्हीही असेच फिरत असू.

पुढे वाचकांची आवड बदलू लागली. मुळातल्या जुन्या फोर्ड गाड्या मिळेनाशा झाल्या. १९६४ च्या सुमारास कारखानेच दणकट इंजिनाच्या गाड्या काढू लागले, तेव्हा मासिके त्या गाड्यांकडे वळली. १९७३ च्या तेलटंचाईने पेट्रोल महागले. त्या दशकात बंद व्हॅन सजवायची लाट आली, तर व्हॅनलाही पाने मिळाली. ज्यांना जुन्या फोर्डच हव्या होत्या, त्यांच्यासाठी १९७२ साली 'स्ट्रीट रॉडर' नावाचे वेगळे मासिक निघाले. मग आरशासारख्या चकचकीत, लाखमोलाच्या गाड्यांचे दिवस आले. त्याचा कंटाळा आलेल्यांनी गंजलेल्या, रंग उडालेल्या गाड्या मुद्दाम तशाच चालवायला सुरुवात केली. आजच्या तरुणांना आपल्या लहानपणच्या, म्हणजे १९८० आणि १९९० च्या दशकातल्या गाड्या जुन्या आणि हव्याशा वाटतात. जपानी गाड्याही त्यात आल्या. प्रत्येक पिढीची 'जुनी गाडी' निराळी असते!

यातली एक गोष्ट मला फार आवडली. 'पॉप्युलर हॉट रॉडिंग' नावाच्या दुसऱ्या एका मासिकाने १९६५ साली २५० डॉलरला १९५७ सालची एक शेवरोले गाडी विकत घेतली. कुठलेही नवे इंजिन किंवा नवा सुटा भाग आला, की या गाडीवर लावून पाहायचा आणि अनुभव छापायचा, असा बेत होता. आमच्या भाषेत म्हणाल तर तो त्यांचा प्रात्यक्षिक प्लॉट. आवड बदलली तशी त्या गाडीची इंजिने बदलत गेली. २०१४ साली ते मासिक बंद पडले, पण गाडी राहिली. २०२१ साली तिच्यात विजेवर चालणारी मोटर बसवली गेली.

सगळी मासिके मात्र टिकली नाहीत. कागदावर वाचणारे कमी झाले, जाहिराती आटल्या. २०१९ च्या डिसेंबरात एकाच प्रकाशन संस्थेने आपल्या बावीसपैकी एकोणीस मोटार-मासिकांची छपाई बंद केली. 'स्ट्रीट रॉडर' त्यात गेले. 'हॉट रॉड' त्या फेरीतून वाचले.

आपल्या मराठीतही अशी उदाहरणे आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या कारखान्यातून लोखंडी नांगर निघत होते. त्या यंत्रांची माहिती गिऱ्हाइकांना द्यावी म्हणून १९२० साली किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' निघाले. शंकरराव किर्लोस्कर संपादक. नांगराची माहिती वाचणाऱ्याच्या घरात बायको आहे, शिकलेली मुलगी आहे, हे त्यांनी ओळखले. मासिकात कथा आल्या, आरोग्य आले, नवे विचार आले. १९३० साली 'स्त्री' निघाले, १९३४ साली 'मनोहर'. नांगरापासून निघालेला कागद असा माजघरापर्यंत पोचला.

आपल्या पेणचे पाहा. हमरापूरच्या कारखान्यांत गणपतीचे साचे दरवर्षी बदलतात. लोकांना कधी बालगणेश हवा असतो, कधी सिंहासनावरचा. पण डोळ्यांची आखणी करायला लागणारा हात मात्र सरावाने मिळवावा लागतो. साचा लोकांच्या आवडीचा आणि हात आपला, असे ते गणित आहे.

त्या मासिकांचेही हेच झाले. गाडी बदलली, पण मजकुराचा पिंड तोच राहिला: वस्तू आधी कशी होती, आम्ही काय केले, खर्च किती आला, कुठे चुकलो, तुम्ही काय जपावे. वाचकाच्या हातात पाना आहे, हे ते विसरले नाहीत.

आणि इथेच माझी चूक मला दिसली. मी नोकरीला लागलो तेव्हा घरोघर बैल होते. चिखलणी बैलांची. मी लिहायचो ते त्या शेतकऱ्यासाठी. पुढे बैल गेले, पॉवर टिलर आले. जया-रत्नाच्या जागी कर्जतची वाणे आली. पेणच्या खारेपाटात पनवेलच्या संशोधन केंद्राची खार सोसणारी वाणे गेली. घरातला एक माणूस कारखान्यात, एक मुंबईला आणि शेत आईच्या अंगावर, असे घर झाले. वाणांची नावे मी बदलली, पण लेख बैलवाल्यालाच लिहीत राहिलो. टिलर चिखलात बंद पडला तर त्या माउलीने काय करावे, हे मी कधी लिहिले नाही. आजपासून लिहीन, हा शब्द.

सुरुवात त्या जीपपासूनच करू. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा त्या घरी गेलो. कागद काढायला लावले. आर. सी. बुकात गाडी १९६८ सालची, पेट्रोलची. बॉनेट उघडले तर आत डिझेल इंजिन! पेट्रोल परवडेना, तेव्हा आजोबांनी ते बसवून घेतले होते. नातू हसून म्हणाला, "म्हणजे आजोबांनीही तेच केलं की!" खरेच होते ते. पण बदलाची नोंद कागदावर झाली नव्हती.

तुमच्याही वाड्यात अशी गाडी असेल, म्हणून चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली : मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार गाडीत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले आहे. तेव्हा कटर चालवण्याआधी पेणच्या परिवहन कार्यालयात विचारा.

दुसरी : २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. अट अशी, की ती मूळ रूपात हवी. चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल नको. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, फेरनोंदणीचे ५,००० रुपये ठरवले होते. अशी गाडी प्रदर्शनाला किंवा रॅलीला नेता येते. रोजच्या कामाला किंवा भाड्याला नाही. भाजीच्या पाट्या वाहायच्या असतील तर या वाटेला जाऊ नका.

तिसरी : जुनी जीप वजनावर घालण्याआधी चौकशी करा. शहरात तिचे शौकीन आहेत. चासीचा नंबर, इंजिनाचा नंबर आणि आर. सी. बुक जुळत असेल तर मोल वेगळे असते. आणि विकलीच, तर मालकी बदलाचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म भरून नाव उतरवून घ्या. नुसत्या विश्वासावर चावी दिली आणि पुढे अपघात झाला, तर कागदावरच्या मालकाच्या गळ्यात भरपाई येते.

चौथी : बरेच दिवस पडून असलेले इंजिन एकदम स्टार्टरने किंवा धक्क्याने फिरवू नका. पेट्रोल इंजिन असेल तर प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे पातळ तेल सोडा, काही दिवस मुरू द्या. मग हाताने हळूहळू फिरवा. अडले तर जोर करू नका, पुन्हा तेल सोडून वाट पाहा. हीच रीत पावसाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलच्या पाणीपंपालाही लावा. ही युक्ती त्या मुलाने त्याच मासिकातल्या चित्रांवरून उचलली होती, हेही सांगतो.

आता जीपचे काय झाले, ते ऐका. कागद पाहून घरधनी म्हणाले, "मूळ इंजिन नाही तर मग सगळं संपलं. भंगारवाल्याला बोलवा." तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली आजी उठली. म्हणाली, "संपलं कसं? ते गोठ्यात आहे. ह्यांनी टाकू दिलं नाही. मी त्यावर गोणपाट घालून ठेवलंय." आम्ही गोठ्यात गेलो. वैरणीच्या मागे, चार गोणपाटांखाली मूळ पेट्रोल इंजिन. नंबर पुसून पाहिला. आर. सी. बुकातल्या नंबराशी जुळला.

भंगारवाल्याला नकार गेला. नातवाने कटरचे नाव टाकले. एक म्हातारे फिटर रविवारी येऊन त्याला शिकवतात. परवा गेलो तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत काळे होते. इंजिन अजून सुटलेले नाही. पण मुलाने एक वही घातली आहे: कोणत्या रविवारी काय केले, किती खर्च आला, कुठे चुकले. आजी बाजूला बसून आजोबांच्या आठवणी सांगते आणि तो त्याही लिहून घेतो.

बाया-बापड्यांनो, पोरांनो, तुम्हीही लिहा. तुमच्या घरी कोणते यंत्र बंद पडले आहे, कुठे अडते, कुणी दुरुस्त केले, काय खर्च आला. इंग्रजी नको, शुद्धलेखन नको, पोस्टकार्ड पुरे. ज्या दिवशी हे सदर तुमच्या अनुभवांनी भरेल, त्या दिवशी दर मृगाला तेच तेच छापता, असे कुणी म्हणणार नाही.