सोनेगावच्या रस्त्यावरचा सुरा

१२ मार्च १९५५. सोनेगाव विमानतळावरून पंतप्रधान नेहरूंची उघडी मोटार नागपूर शहराकडे निघाली होती. बाबूराव नावाचा एक रिक्षावाला सुरा घेऊन गाडीवर चढला. त्याला तिथेच पकडले. नेहरूंना काही झाले नाही.

तो वार बसला असता तर? असा प्रश्न निघाला की लोक दिल्लीची खुर्ची मोजू लागतात. पटेल १९५० मध्येच गेलेले, पंत नुकतेच गृहमंत्री झालेले, मग कोण? मला त्या हिशेबात फारसा रस नाही. हिंदू विवाह कायदा मात्र तेव्हा मंजूर व्हायचा होता. तो मे महिन्यात झाला. हिंदू कोड बिल रखडले म्हणूनच बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले होते आणि राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांचा त्याला विरोध होता. नेहरू गेले असते तर तो कायदाही कपाटात पडला असता, असे माझे मत आहे. फाजल अली आयोगाने त्याच वर्षी सुचवलेला वेगळा विदर्भ मात्र तरीही मिळाला नसता. विदर्भवादी मित्र रागावतील, पण त्याला नकार देणारे नेहरू एकटे नव्हते.

पण दिल्लीच्या आधी नागपूरचे काय झाले असते? ३० जानेवारी १९४८ च्या संध्याकाळी मुस्लिम मोहल्ल्यांत एकच प्रश्न होता, मारणारा कोण? मारेकरी हिंदू आहे हे रेडिओवर मुद्दाम सांगावे लागले. मोहल्ले वाचले, आणि मग महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली. नागपूरही त्यातून सुटले नाही. ज्यांनी पिस्तूल कधी पाहिलेही नव्हते, त्यांना आडनावाची किंमत मोजावी लागली.

म्हणजे १९५५ मध्ये वार बसला असता तर जमाव बाबूरावची जात विचारत कुठल्या तरी वस्तीत शिरला असता. त्याचे नाव बाबूरावऐवजी बाबूमियाँ असते, तर मोमिनपुऱ्याचे काय झाले असते हे मी लिहायला हवे का?

नेहरूंनी दौरा आवरता घेतला नाही. गुन्हा एका माणसाचा ठरला, खटला त्याच्यावरच चालला. आज कुठल्याही हल्ल्याची बातमी आली की आमच्या घरांत जखमी कसा आहे हे विचारण्याआधी हल्लेखोराचे नाव शोधले जाते. माझ्याही घरात.